भाजलेल्या मटणासोबत केळीची आंबटगोड-तिखट चटणी

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळीची कापणी झाली की काही फण्या मागे राहतातच. कुठे सालीवर डाग पडलेला असतो, कुठे केळी आखूड राहिलेली असतात, कुठे एखादा घड झाडावरच पिकायला लागलेला असतो. व्यापाऱ्यांच्या बोलीत हा माल वापसीचा. त्याला भाव मिळालाच तर नावापुरता, नाहीतर तो गुरांपुढे जातो. शहरातल्या घरीही वेगळं काही होत नाही. डझनभर केळी आणावीत, चार खावीत आणि जळगावच्या उन्हाळ्यात उरलेली दोन दिवसांत काळी पडावीत. ती फेकू नका. भाजलेल्या मटणासोबत किंवा कोंबडीसोबत जी आंबटगोड, तिखट चटणी हवी असते, तिच्यासाठी याहून चांगलं आणि स्वस्त फळ धुळे-जळगाव या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

खान्देशात मटण म्हटलं की डोळ्यांपुढे रस्सा येतो. भाजलेला कांदा, खोबरं आणि काळा मसाला घातलेला, वर तेलाचा तवंग असलेला, भाकरी कुस्करून खायचा. त्या रश्शाला कशाचीच सोबत लागत नाही; कांदा आणि लिंबू पुरे. या चटणीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि काळ्या मसाल्याच्या जेवणात ती वाढूही नये. दोन्ही चवी एकमेकींना मारतात. ती लागते कोरड्या, निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेल्या मांसाला, ज्याला फक्त मीठ, लसूण आणि थोडं दही लावलेलं आहे. अशा मांसाची चरबी जिभेवर बसते. आंबटपणा ती कापतो, गोडवा भाजलेल्या कडांचा कडवटपणा झाकतो आणि तिखट पुढचा घास मागायला लावतं. तिन्ही गोष्टी एका चमच्यात मिळाव्यात म्हणून जगभर लोकांनी मांसासोबत फळ खाल्लं आहे.

इंग्रजांनी इथे आंब्याची गोड-तिखट चटणी चाखली आणि ती बाटल्यांत भरून मायदेशी नेली. तिकडे थंड मटणासोबत ती आजही वाढतात. अँग्लो-इंडियन घरांत रोस्ट आणि चटणी ही जोडी नेहमीची. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत अशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यामुळे जळगाव जिल्ह्याला रोस्ट अगदीच परका म्हणता येणार नाही. पण आपल्या कामाचं उदाहरण फिलिपाइन्सचं आहे. मारिया ओरोसा (1893–1945) या तिथल्या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी परदेशी टोमॅटो केचपवर अवलंबून राहायला नको म्हणून देशात मुबलक असलेल्या केळीपासून केचप तयार केलं, असं श्रेय त्यांना दिलं जातं. केळी, व्हिनेगर, साखर आणि मसाले, एवढाच त्याचा जीव. दुसऱ्या महायुद्धात मनिलावरच्या हल्ल्यात त्या गेल्या, पण केळीचं केचप तिथे घरोघरी राहिलं आणि भाजलेल्या मांसासोबत आजही खाल्लं जातं. केळी पिकवण्यात भारत जगात पहिला आणि महाराष्ट्रात जळगाव पहिला. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आपण केळी खातो ती सोलून, शिकरण करून किंवा कच्च्याचे वेफर तळून. चटणीपर्यंत आपण पोचलोच नाही.

केळी कशी निवडायची

साल पिवळी आणि तिच्यावर भरपूर काळे ठिपके, किंवा अर्धी साल काळी झालेली, असं केळ घ्या. हिरव्या केळीत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका स्टार्च असतो. पूर्ण पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येतो, बाकीच्याची साखर झालेली असते. म्हणून कमी पिकलेल्या केळीची चटणी पिठूळ लागते, खळीसारखी घट्ट होते आणि तुम्ही कितीही गूळ घातला तरी तिला चव येत नाही. ठिपक्यांचं केळ स्वतःचा गोडवा घेऊन येतं, त्यामुळे गूळ कमी पुरतो. मात्र देठाकडे बुरशी धरलेली, पाणी सुटलेली किंवा दारूसारखा वास येणारी केळी गुरांनाच द्या. फ्रिजमध्ये ठेवल्याने साल काळी पडलेलं केळ आतून कच्चं असू शकतं. दाबून, चाखून खात्री करा.

मृगबागेचं असो की कांदेबागेचं, चटणीला फरक पडत नाही.

साहित्य

सोललेल्या केळीचा गर अर्धा किलो, म्हणजे मध्यम आकाराची पाच केळी. गूळ 150 ग्रॅम, चिरलेला. फिकट पिवळ्यापेक्षा गडद गूळ घ्या, चटणीला रंग येतो. चिंच 50 ग्रॅम, एक कप गरम पाण्यात अर्धा तास भिजवून तिचा दाट कोळ. पांढरं व्हिनेगर 150 मिलिलिटर. दोन मध्यम कांदे, बारीक चिरलेले. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या आणि बोटभर आलं, दोन्ही ठेचून. सुक्या लाल मिरच्या सहा ते आठ. मीठ दोन सपाट चहाचे चमचे. धणे आणि जिरं एकेक चमचा, सहा मिरीदाणे, तीन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा. शेंगदाण्याचं तेल दोन मोठे चमचे.

मिरचीबद्दल थोडं सांगतो. पूर्वी धुळे जिल्ह्याचाच भाग असलेलं आणि 1 जुलै 1998 पासून वेगळा जिल्हा झालेलं नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात तिथे ओली मिरची येते आणि पथाऱ्यांवर पसरून वाळवली जाते. धुळ्या-जळगावच्या बाजारात ही मिरची सहज मिळते. चटणीसाठी निम्मी रंगाची, कमी तिखट मिरची आणि निम्मी झणझणीत घ्या. सगळीच झणझणीत घेतली तर केळीची चव लागणार नाही, आणि सगळीच रंगाची घेतली तर हा गोड जॅम होईल. तयार तिखट वापरू नका. चिंचेच्या कोळात भिजवून वाटलेल्या मिरचीला जी मुरलेली चव येते ती पुडीतल्या तिखटाला येत नाही. खान्देशी काळा मसालाही यात घालू नका. त्यातलं खोबरं चटणी टिकू देत नाही आणि दगडफूल फळाला दाबून टाकतं.

सातपुड्यातल्या धडगाव भागातून आमचूर येतो. चिंच नसेल तर त्याचे तीन मोठे चमचे पाण्यात कालवून वापरता येतील. चव जरा कोरडी लागते, पण कोंबडीसोबत मला ती आवडते.

कृती

मिरच्यांची देठं काढून त्या कोरड्या तव्यावर मंद आचेवर परता, फक्त फुगेपर्यंत. काळ्या झाल्या की चटणी कडू होते आणि तो कडवटपणा गुळाने जात नाही. त्याच तव्यावर धणे, जिरं आणि खडा मसाला शेका. मिरच्या चिंचेच्या निम्म्या कोळात वीस मिनिटं भिजू द्या, मग मसाल्यासकट बारीक वाटा.

केळी सोलून लगेच उरलेल्या कोळात कुस्करा. सोललेलं केळ हवेत काळं पडतं ते त्याच्यातल्या विकरामुळे. आंबट मिळालं की ती क्रिया मंदावते आणि चटणीचा रंग तपकिरी-लाल राहतो, मळकट होत नाही. गर अगदी गुळगुळीत करू नका, लहान गाठी राहू द्या.

जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात तेल तापवून कांदा मंद आचेवर परता. तो लाल होण्याची वाट पाहू नका, पारदर्शक आणि मऊ झाला की आलं-लसूण घाला. दोन मिनिटांनी वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. आता केळीचा गर, व्हिनेगर आणि मीठ घालून एक उकळी आणा आणि आच अगदी बारीक करा. चिंच आणि व्हिनेगरमुळे पितळेचं बिनकल्हईचं, तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही. लोखंडी कढईही नको. चटणी काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते.

केळ बुडाला फार लवकर लागतं. म्हणून गूळ सुरुवातीला घालायचा नाही. पंधरा मिनिटं गर शिजला, कांदा त्यात विरघळल्यासारखा झाला की मग गूळ घाला आणि तेव्हापासून भांड्याजवळून हलू नका. लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने बूड खरवडत राहा. दाट झालेली चटणी फुटून अंगावर उडते आणि ती गुळाची असल्यामुळे चांगलीच भाजते, तेव्हा मुलांना लांब ठेवा. गूळ घातल्यावर साधारण वीस मिनिटं लागतील. उलथनं बुडावरून ओढल्यावर मागे वाट उमटली आणि ती दोन-तीन क्षण टिकली की गॅस बंद. गार झाल्यावर चटणी आणखी घट्ट होते, त्यामुळे थोडी पातळ असतानाच थांबा.

गरम असताना चाखून निर्णय घेऊ नका. गरम चटणीत व्हिनेगर नाकात जातं आणि गोडवा कमी वाटतो. एक चमचा बशीत काढून पूर्ण गार होऊ द्या, मग चाखा. मीठ, तिखट, गूळ काय वाढवायचं ते तेव्हा कळतं. आणि खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागते. रविवारी मटण भाजायचं असेल तर चटणी शुक्रवारी करा.

आंबटाचं प्रमाण कमी करू नका

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. कैरी, लिंबू, चिंच ही फळं मुळातच आंबट, त्यामुळे त्यांची लोणची आणि चटण्या टिकतात. केळ तसं नाही. त्याचा सामू साधारण 4.5 ते 5.2 असतो. अन्नातला सामू 4.6 च्या वर असेल आणि ते हवाबंद बरणीत बाहेर ठेवलं असेल, तर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचे जिवाणू त्यात वाढून प्राणघातक विष तयार करू शकतात. त्याला वास येतो किंवा बुरशी दिसते असं नाही. लसूण आणि कांदा जमिनीतून येतात, त्यांच्यासोबत या जिवाणूंचे बीजाणू येऊ शकतात, आणि साध्या उकळीने ते मरत नाहीत. म्हणून व्हिनेगर आणि चिंच चवीसाठी आहेत तितकीच सुरक्षिततेसाठीही आहेत. आंबट जास्त वाटलं तर गूळ वाढवा, व्हिनेगर कमी करू नका.

व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं. वर दिलेलं माप 5 टक्क्यांच्या व्हिनेगरसाठी आहे; 4 टक्क्यांचं असेल तर 190 मिलिलिटर घ्या. प्रमाण छापलेलंच नसेल तर ती बाटली घेऊ नका. घरात व्हिनेगर चालत नसेल तर चिंच दुप्पट करा, पण अशी चटणी फक्त फ्रिजमध्ये ठेवा आणि आठ दिवसांत संपवा.

या मापात पाऊण किलोच्या आसपास चटणी होते. काचेच्या दोन बरण्या स्वच्छ धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळा, उलट्या ठेवून कोरड्या करा आणि चटणी गरम असतानाच भरा. व्हिनेगर घातलेली चटणीसुद्धा फ्रिजमध्येच ठेवा, महिनाभर चांगली राहते. लोणचं बाहेर राहतं म्हणून ही राहील असं समजू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि घरगुती चटणीत मीठ लोणच्याच्या मानाने फारच कमी असतं. वरून तेलाचा थर देऊन टिकवण्याची युक्ती इथे करू नये, कारण त्या जिवाणूंना हवा नकोच असते. कोरडा चमचा वापरा. झाकण फुगलं, बुडबुडे दिसले किंवा वास बदलला तर चाखून पाहायच्या भानगडीत न पडता बरणी टाकून द्या.

मांस कसं भाजायचं

इथलं बोकडाचं मटण चिवट असतं, सरळ निखाऱ्यावर टाकलं तर बाहेरून जळतं आणि आतून तुटत नाही. चापा किंवा मांडीचे मोठे तुकडे मीठ, हळद आणि लसूण लावून कुकरला दोन-तीन शिट्ट्या देऊन अर्धवट शिजवा. सुटलेलं पाणी अळणी म्हणून प्यायला ठेवा, ओतू नका. तुकडे कोरडे करून त्यांना दही, आलं-लसूण आणि मिरपूड लावा आणि मग भाजा. कच्च्या पपईचा वाटलेला गर एक किलोला एक चमचा लावला तर मटण लवकर मऊ होतं, ते तिच्यातल्या पपेनमुळे. हेच पपेन पपईच्या चिकापासून काढण्याच्या उद्योगाने 1978 मध्ये जळगावच्या जैन समूहाच्या कारखानदारीची सुरुवात झाली, आणि तीही एका बंद पडत चाललेल्या केळी-भुकटीच्या कारखान्यात. पपई लावून तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर वरचा थर लगदा होतो.

भरताची वांगी आपण कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजतो. तिची ज्वाळा झटकन उठते आणि झटकन विझते. वांग्याला ती योग्य, मटणाला नाही. मटणाला बाभळीचे निखारे हवेत, वर राख धरलेले, ज्वाळा नसलेले. कोंबडी भाजताना हाडाजवळ लालसर रस दिसत नाही इथपर्यंत भाजा; तापमापक असेल तर आत 74 अंश सेल्सिअस हवं.

चटणी मांसाला आधी लावून भाजायची चूक बहुतेकजण करतात. गूळ मांस शिजण्याच्या कितीतरी आधी जळतो. शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना दोन चमचे चटणीत चमचाभर पाणी घालून ती ब्रशने वरून लावा, एकदा उलटवा आणि उतरवा. यासाठी चटणी वेगळ्या वाटीत काढून घ्या. मांसाला लागलेला ब्रश बुडवलेली चटणी पुन्हा बरणीत टाकायची नाही, ताटात वाढायचीही नाही. ताटात वाढायची चटणी फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा. थंडगार चटणीने गरम मांसावरची चरबी थिजते.

निखारे पेटलेलेच आहेत आणि आधी काही केलेलं नाही, अशा वेळी भरताची रीत कामी येते. पिकलेली दोन केळी सालीसकट निखाऱ्यांच्या कडेला ठेवा. साल पूर्ण काळी होऊन फुटली की गर काढा. त्याच निखाऱ्यांवर चार हिरव्या मिरच्या आणि लसणाचा अख्खा गड्डा भाजा. सगळं बडगीत मीठ घालून ठेचा आणि एका मोठ्या लिंबाचा रस पिळा. वर कोथिंबीर आणि कच्च्या कांद्याची पात. ही चटणी त्याच जेवणात संपवायची, ठेवायची नाही. शेतात पार्टी असेल तर मी हीच करायला सांगेन.

दुसरी फळं

थंडीत जळगावच्या मेहरूणच्या बोरांची चटणी करून पाहा. बोरं थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर घासली की बिया आणि साली वर राहतात. पुढची कृती केळीसारखीच, फक्त गूळ थोडा जास्त. कलेजीसोबत ही फार छान लागते. कैरीच्या फोडींना व्हिनेगर लागत नाही, पण त्या मऊ झाल्याशिवाय गूळ घालू नका. गूळ पडल्यावर फळ मऊ व्हायचं थांबतं. मेथांबा ज्यांना जमतो त्यांना हे सांगायला नको. शिरपूर-शहाद्याकडची पिकलेली पपई केळीपेक्षाही कमी आंबट असते, तेव्हा तिची चटणी करायचीच तर फक्त त्या दिवसापुरती. सीताफळ मात्र या वाटेला नेऊ नका. त्याचा गर तापवला की कडवट होतो, हे अनेकांना बासुंदी उकळताना कळतं.

बकऱ्याच्या चापा, कोंबडीच्या तंगड्या, कलेजी, तापीचे भाजलेले मासे या सगळ्यांसोबत केळीची चटणी जाते. माशाला लसूण निम्मा करा. मांस न खाणाऱ्यांनी भाजलेलं पनीर किंवा सुरण घ्यावं. सगळ्यात उत्तम जोडी चरबी धरून असलेल्या चापांची, सोबत कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. मधुमेह असलेल्यांनी चमचाभरावर थांबावं, कारण यात गुळाची साखर आहे आणि केळीचीही.

ज्यांच्या घरच्या केळीबागा आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या कापणीला वापसीतल्या दोन फण्या बाजूला काढा, पिकू द्या आणि एक घाणा करून पाहा. जमली तर शेजारच्या घरी एक बरणी द्या, आणि तिच्यावर केल्याची तारीख लिहायला विसरू नका.